दुपारची झोप आणि डोक्यावरच्या घिरट्या

पत्र थोडक्यात असं आहे. खान्देशातल्या एका धावपट्टीपासून दीड-दोन किलोमीटरवर राहणाऱ्या एका ताईंनी ते लिहिलंय. (त्यांचं नाव, गाव आणि धावपट्टी कुठली हे त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे.) त्यांचे मिस्टर भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहेत. रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी येतात, दहाच्या सुमारास आडवे होतात आणि नेमकी तेव्हाच शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घरावरून फिरायला लागतात. प्लॉट आठ वर्षांपूर्वी घेतला. पीएफ काढला, वर कर्जही केलं. तेव्हा "आठवड्यातून एखादं विमान यायचं आणि पोरं अंगणात धावायची." आता एका दिवशी मोजल्या तर फेऱ्या शंभरावर गेल्या. मुलगी आठवीत आहे आणि तिची शाळाही त्याच वाटेखाली येते. कॉलनीतल्या लोकांनी "वैमानिक प्रशिक्षण बंद करा" असा अर्ज लिहिलाय आणि ताईंची सही मागताहेत. अडचण अशी की त्यांचा सख्खा भाचा त्याच केंद्रात शिकतोय. भावाने त्याच्या फीसाठी तीन एकर कपाशीचं रान विकलं. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेल्या, पण विषय काढायची हिंमत झाली नाही. शेजारचे एक काका म्हणतात, धावपट्टी आधीची, तुम्ही नंतर आलात, तुम्हाला बोलायचा हक्क नाही. ताई विचारतात: "सही करू, घर विकू, की सवय होईल म्हणून गप्प बसू?"

ताई, नमस्कार.

तुमच्या तीन पर्यायांमधला शेवटचा मी आधी घेते, कारण तो सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात घातक आहे. माझं लहानपण रेल्वे यार्डाशेजारच्या घरात गेलं. पाहुणे यायचे, रात्रभर कूस बदलायचे आणि सकाळी म्हणायचे, तुम्ही झोपता तरी कसे? आम्हाला ते गमतीचं वाटायचं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की आवाजाची सवय मनाला होते, शरीराला पूर्णपणे होत नाही. माणूस जागा होत नाही, सकाळी त्याला काही आठवतही नाही, पण आवाजासरशी झोपेतच हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, गाढ झोप उथळ होते. "मला काही त्रास नाही" असं म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीतही हे घडतं. म्हणून तुमचे मिस्टर जेव्हा म्हणतात, "झोपलो होतो की सहा तास", तेव्हा ते खरंच बोलतात, पण ती झोप सहा तासांची नसते. आणि हा माणूस रात्री परत इंजिनात चढणार, सिग्नल वाचणार, मागे अख्खी गाडी घेऊन जाणार. रेल्वे बाहेरगावी गेलेल्या क्रूसाठी रनिंग रूम, म्हणजे विश्रांतीची जागा बांधते, ती याच कारणासाठी. घरची झोपही तेवढीच कामाची आहे. ती मागताना तुम्हाला कसलाही संकोच वाटायला नको.

आता काकांचं म्हणणं. "धावपट्टी आधीची." बरोबर आहे, आणि प्लॉट घेताना ती समोर दिसत होती हेही बरोबर. पण तुम्ही ज्या धावपट्टीशेजारी राहायला आलात ती ही नव्हे, असं मी म्हणेन. पट्टी तीच आहे, पण तिचा वापर पूर्ण बदलला. आपल्याकडची गोष्ट आठवा. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतलं मुंबईचं विमान २०१७ च्या डिसेंबरात उडालं, नंतर बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. आपण सगळ्यांनीच विमान हवं म्हणून मागणी केली होती, मी पण केली होती. मुंबईला पेशंट न्यायचा तर रात्रभर गाडी हाकायला लागू नये, एवढीच अपेक्षा होती. मात्र ती मागणी दिवसातून चार प्रवासी विमानांची होती. खान्देशात आता जळगाव, धुळ्याजवळचं गोंदूर आणि शिरपूरजवळचं तांडे या तिन्ही ठिकाणी वैमानिक घडवण्याचं काम चालतं. हवा बहुतेक दिवस मोकळी आणि प्रवासी विमानं थोडी, त्यामुळे ही जागा शिकायला सोयीची. त्यात वाईट काही नाही. पण प्रवासी विमान येतं आणि जातं, शिकाऊ विमान मात्र तिथेच फिरत राहतं. हा फरक तुमच्या अर्जात कुठेच दिसत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात आधी तो समजून घ्यायला हवा.

तुमच्या डोक्यावर जे चालतं त्याला सर्किट म्हणतात. विमान उडतं, बहुधा डावीकडे वळतं (मुख्य खुर्ची डावीकडे असते, तिथून धावपट्टी नजरेत राहते), जमिनीपासून साधारण हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलटं जातं, परत दोनदा वळून खाली येतं, चाकं टेकवतं आणि न थांबता पुन्हा उडतं. या चाकं टेकवण्याला टच अँड गो म्हणतात. एक फेरी पाच-सहा मिनिटांची. आकाशात तीन विमानं असली की तुमच्या घरावर दर दोन मिनिटांनी एक. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि उतरणं हा शिकण्यातला सगळ्यात कठीण भाग असल्यामुळे त्यातले कितीतरी तास याच चौकोनात जातात. तुमचा भाचाही कदाचित रोज तुमच्याच गच्चीवरून जात असेल.

आपल्या उन्हाचाही यात हात आहे. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, नाकावरचा फिरता पंखाही कमी ओढतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात तेच विमान तुमच्या घरापर्यंत येईतो थंडीतल्यापेक्षा बरंच खाली असतं. शिवाय दुपारच्या तापत्या हवेत छोटं विमान फार हेलकावतं, म्हणून उन्हाळ्यात उड्डाणं पहाटेच सुरू होतात, आणि गच्चीवर झोपलेल्या माणसाला गारवा मिळून नुकती डुलकी लागते ती वेळही तीच. हिवाळ्याच्या सकाळी वेगळाच प्रकार होतो. जमिनीलगत गार हवा आणि वर ऊबदार थर असला की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. "परवा आवाज जास्त होता, काल कमी" असं कॉलनीत कोणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढू नका. तो खरंच जास्त असू शकतो.

आता कायद्याकडे येते. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. विमानतळ परिसरासाठी मात्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये वेगळे निकष काढले. वर्षाला ५०,००० हून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५, इतरांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०. म्हणजे साध्या वस्तीपेक्षा दिवसा १० आणि रात्री १५ डेसिबलची सूट. हे आकडे सरळ रेषेतले नसतात. १० ने वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्येच सांगितलं की विमानाचा आवाज दिवस-रात्रीच्या भारित सरासरीत (म्हणजे संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीत) ४५ डेसिबलच्या खाली असावा. आपले निकष आणि हा सल्ला यांत केवढं अंतर आहे, बघा.

पण तुमची खरी अडचण त्या आकड्यांपेक्षा ते मोजण्याच्या रीतीत आहे. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. एक हिशेब करून दाखवते. समजा एक विमान वीस सेकंद ७० डेसिबलने जातं आणि दिवसभरात अशा शंभर फेऱ्या होतात. मिळून दोन हजार सेकंद, म्हणजे जेमतेम तेहतीस मिनिटं. ही तेहतीस मिनिटं सोळा तासांच्या दिवसावर पसरली की सरासरी येते साधारण ५५. साध्या वस्तीच्या मर्यादेच्याही काठावरच, आणि विमानतळाच्या मर्यादेच्या तर १० ने खाली. कागदावर सगळं आलबेल! आता याच शंभर फेऱ्या तुमच्या मिस्टरांच्या झोपेच्या सहा तासांत, दहा ते चारमध्ये झाल्या असं धरा. त्या सहा तासांची सरासरी ६० च्या घरात जाते. त्यांची रात्र सकाळी दहाला सुरू होते, आणि वस्तीतल्या रात्रीची मर्यादा तर ४५ आहे. नियमाने दिवस आणि रात्र घड्याळावर ठरवली. भुसावळच्या क्रू लॉबीत (गाडीवरच्या माणसांना ड्यूटी लागते तिथे), एमआयडीसीच्या तिसऱ्या पाळीत, सिव्हिल हॉस्पिटलच्या नाइट ड्यूटीवर असलेल्यांची रात्र त्यात धरलेलीच नाही.

म्हणून "मर्यादा ओलांडली, कारवाई करा" एवढ्यावर अर्ज उभा केलात तर तो पहिल्याच मोजणीत पडण्याची भीती आहे. आणि "प्रशिक्षण बंद करा" यावर उभा केलात तर तो वाचलाच जाणार नाही, असं मला वाटतं. ज्या केंद्राला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता आहे, ते एका कॉलनीच्या सह्यांवर बंद होत नसतं. साहेब अर्जावर "नोंद घेतली" असा शेरा मारतील आणि फेऱ्या शंभरच राहतील.

ताई, इथे मला तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाला हात घालायचाय. तुम्ही असं धरून चाललात की एका बाजूला मिस्टरांची झोप आहे आणि दुसऱ्या बाजूला भाच्याचं करिअर, आणि सही म्हणजे दोघांपैकी एकाला निवडणं. खरं म्हणजे आवाज हा काही दिव्यासारखा चालू किंवा बंद एवढाच नसतो. किती वाजता, कुठल्या वाटेने, किती वेळा, किती उंचीवरून हे सगळं बदलता येतं. जगभर विमानतळांचा आवाज आवरला गेला तो याच चार गोष्टी हलवून. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये देशांना जी दिशा घालून दिली, तिच्यातही क्रम असाच आहे: विमान मुळात कमी आवाजाचं करा, विमानतळाभोवती जमीन कशी वापरायची ते ठरवा, उडण्याच्या पद्धती बदला, आणि हे सगळं करून भागलं नाही तर निर्बंध घाला. तुमच्या कॉलनीने एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारलीय.

मला आवडतात ती दोन उदाहरणं सांगते. लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. तिथे दुपारी तीनला विमानं उतरायची धावपट्टी बदलतात. त्यामुळे वाटेखालच्या वस्तीला अर्धा दिवस आवाज आणि अर्धा दिवस विसावा मिळतो. कुणाची पाळी कधी, याचं वेळापत्रक आधी जाहीर असतं. आवाज संपला नाही, पण माणसाला कळतं की आज दुपारी झोपता येईल. दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. जर्मनीत छोट्या धावपट्ट्यांसाठी वेगळा नियम आहे. जिथे छोट्या विमानांची वर्दळ फार, तिथे कामाच्या दिवशी दुपारी एक ते तीन सर्किट मारायला मनाई, आणि शनिवार-रविवारी बंधनं आणखी कडक. सवलत मिळते ती कमी आवाजाच्या विमानांना. दुपारची वामकुक्षी कायद्यात! आपल्याकडे हे कुणी मागितलं तर आळशी म्हणून हसतील, पण ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

तेव्हा सहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता जो अर्ज आहे त्यावर सही करू नका. पण गप्पही बसू नका. तो अर्ज बदलायला लावा. पत्रातच तुम्ही लिहिलंय की कॉलनीच्या मीटिंगचं प्रोसिडिंग तुम्हीच लिहिता. मग हाही तुम्हीच लिहा.

लिहिण्याआधी तीन आठवडे एक वही करा. शाळेची दोनशे पानी पुरे. तारीख, वेळ, विमान कुठून कुठे गेलं, किती वेळ ऐकू आलं, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं: मिस्टर उठले, बाई शिकवायच्या थांबल्या, बाळ दचकलं. शेजारच्या दोन-तीन घरांतही अशा वह्या होऊ द्या, म्हणजे एकाच घराचं दुखणं वाटणार नाही. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप मिळतं. ते कोर्टात पुरावा म्हणून टिकणार नाही, पण कुठला तास वाईट हे त्यातून नक्की कळेल. मोजताना फोन एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवा. शाळेलाही सामील करून घ्या. हे मी उगाच सांगत नाही. लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद इथल्या विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांमधल्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जास्त तिथे मुलांचं वाचून समजणं मागे पडलेलं दिसलं. आणि म्युनिकमध्ये १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तपासली. जुन्या जागेच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्या जागेच्या मुलांचं ढासळलं. हा अभ्यास मला दिलासा देणारा वाटतो. आवाज कमी झाला की मुलं सावरतात. तुमच्या लेकीचं जे मागे राहिलं असेल ते भरून येऊ शकतं. ही मोठमोठ्या विमानतळांची उदाहरणं आहेत, तुमची छोटी विमानं त्यामानाने हळू आवाजाची, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण बाईंना तासातून दहा वेळा थांबावं लागत असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र अर्जाला जोडाच.

वही भरत असतानाच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. प्रशिक्षण केंद्र खासगी असेल तर ते थेट या कायद्यात येत नाही, पण डीजीसीए येतं, आणि धावपट्टी ज्या सरकारी यंत्रणेकडे आहे तीही येते. प्रश्न मोजके आणि नेमके विचारा. गेल्या बारा महिन्यांत महिन्यागणिक किती उड्डाणं-उतरणं झाली, त्यांतली प्रशिक्षणाची किती? २०१८ चे आवाजाचे निकष या धावपट्टीला लागू आहेत का? आवाज कधी मोजला का, मोजला तर अहवालाची प्रत द्या. सर्किट कुठल्या बाजूने मारायचं याबद्दल स्थानिक सूचना काय आहेत? रात्रीच्या प्रशिक्षणाच्या वेळा काय? "विमानांचा त्रास होतो, त्याचं कारण द्या" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. कागद मागा, कागद मिळतो.

मग भेट. पहिली भेट साहेबांची घेऊ नका, केंद्राच्या मुख्य प्रशिक्षकांची घ्या, म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांची. रोजचा उड्डाणांचा कार्यक्रम त्यांच्या हातात असतो. पाच जणांनी जा, त्यात दोन बायका असू द्या, आणि रात्रपाळीचा एक माणूस. पुढाऱ्याला नेऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नको. त्यांच्याकडून काय मागता येईल, ते सांगते. दुपारी एक ते तीन टच अँड गो नको. त्या वेळात दूरची, गावागावावरून जाणारी उड्डाणं ठेवा. वारा आणि हवाई नियंत्रण परवानगी देईल तेव्हा सर्किट शेताच्या बाजूने मारा, किंवा एक आठवडा डावीकडे, एक आठवडा उजवीकडे. उजवं सर्किट ठरवून घ्यावं लागतं, पण ते जगावेगळं नाही. उड्डाणाआधी इंजिन जोरात फिरवून तपासतात ती जागा वस्तीपासून लांब असू द्या. रात्रीच्या प्रशिक्षणाच्या तारखा आठवडाभर आधी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत सकाळी शाळेवरून सर्किट टाळा. यातलं एकही कलम कुणाचे २०० तास कमी करत नाही.

यात एक पथ्य पाळायचं. विमान कसं उडवायचं हे आपण सांगायचं नाही. "इंजिन हळू करा", "लगेच वळा" या मागण्या लिहू नका. उडाल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात नाजूक असतात, आणि आत एकोणीस वर्षांचं पोर असतं. आपण वेळ आणि वाट मागायची, ती सुरक्षित कशी करायची हे त्यांनी ठरवायचं. आणि कॉलनीतली तरुण मुलं गच्चीवरून लेझर मारणं, ड्रोन सोडणं असलं काही बोलत असतील तर तिथल्या तिथे थांबवा. तो गुन्हा आहे, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

भेटीतून काही निघालं नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. ग्रामसभेचा ठराव करा. त्याला चार सह्यांच्या अर्जापेक्षा कितीतरी वजन असतं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा विमानतळ असेल तर तिथे विमानतळ सल्लागार समिती असते आणि स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष असतात. विषय तिथे लेखी द्या. आवाज मोजून द्या अशी मागणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. प्रत डीजीसीएला. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकलेल्या तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. अगदीच काही झालं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. दिल्लीत वसंतकुंजच्या रहिवाशांनी विमानांच्या आवाजाविरुद्ध याच न्यायाधिकरणाचं दार ठोठावलं होतं. मात्र तिथे जायला मुदत असते, तक्रारीचं कारण घडल्यापासून साधारण सहा महिने, म्हणून वकिलाचा सल्ला लवकर घ्या. मी तुमच्या जागी असते तर ही पायरी शेवटी ठेवली असती. न्यायाधिकरणात गेलं की माणसं बोलायची थांबतात, आणि तुमचा प्रश्न बोलण्यातून सुटण्यासारखा आहे.

हे सगळं होईतो मिस्टरांना झोप तर हवी. रस्त्याचा आवाज भिंतीतून आणि खिडकीतून येतो, विमानाचा वरूनही येतो. म्हणून वर पत्रा असलेली खोली झोपायला सोडा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर असायचा, तिथे हा त्रास निम्मा वाटला असता. स्लॅब असेल तर छताची फार काळजी नको, फटी बघा. आवाज पाण्यासारखा असतो, बोटभर फट मिळाली की आत येतो. दाराखालची फट, झरोका, कूलरसाठी काढलेली खिडकी. शक्यतो बाहेरची भिंत नसलेली मधली खोली निवडा, दार-खिडकीच्या कडांना रबरी पट्टी लावा. भिंतीला चिकटवायचा फोम विकतात, तो घेऊ नका. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. उन्हाळ्यात सगळं बंद करून झोपणं आपल्याकडे शक्य नाही हे मलाही कळतं. कूलर नाहीतर पंख्याच्या एकसारख्या आवाजाचा मात्र उपयोग होतो. झोप मोडते ती शांततेतून अचानक चढणाऱ्या आवाजाने. कानात घालायचे फोमचे बोळे चांगले, पण लॉबीतून फोन आला आणि ऐकूच गेला नाही तर? फोन कंप मोडवर उशीखाली ठेवा, नाहीतर तो तुम्ही जवळ ठेवा आणि त्यांना तसं सांगा. बोलावणं चुकेल या धास्तीनेही अर्धी झोप उडते.

घर विकायचा निर्णय किमान वर्षभर पुढे ढकला. वही आणि भेटी यांतून काय निघतं ते बघा. जे कुणी आता धावपट्टीजवळ प्लॉट घ्यायच्या विचारात आहेत त्यांना मात्र सांगते: एजंट रविवारी दुपारी प्लॉट दाखवतो. तुम्ही मधल्या वारी सकाळी सहाला जा आणि अकरापर्यंत तिथे बसा. धावपट्टीच्या दोन टोकांना जोडणारी रेषा नकाशावर दोन्हीकडे चार-पाच किलोमीटर लांबवा, आणि प्लॉट त्या रेषेखाली येत असेल तर दहादा विचार करा. ग्रामपंचायतींनीही त्या रेषेखाली नवी शाळा, नवा दवाखाना मंजूर करू नये. शेती, गोदामं, केळीची पॅकिंग हाउसं खुशाल येऊ द्यात.

राहिला भाऊ. तुम्ही लिहिलंय, "त्याला कळलं तर तो काय म्हणेल." ताई, त्याला कळणारच आहे. गाव केवढं, आणि अर्जावर नावं कुणाची हेच आधी पाहिलं जातं. त्याला बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. फोनवर नको, जाऊन सांगा, आणि मिस्टरांना बरोबर न्या. रान विकण्याचं दुःख त्याच्या मनात अजून ताजं असणार. "केंद्र" हा शब्द ऐकला की त्याला ते तीन एकर दिसत असतील. म्हणून सुरुवात भाच्यापासून करा: त्याचे तास किती झाले, सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण झालं का. मग सांगा की आम्ही बंद करा म्हणत नाही, दुपारचे दोन तास मागतोय. भाच्याला यात पुढे करू नका. तो तिथे विद्यार्थी आहे, आतल्या गोष्टी त्याला विचारल्या तर त्याची पंचाईत होईल. एवढंच सांगा की पुढच्या वेळी वरून जाशील तेव्हा खाली निळ्या टाकीचं घर दिसेल, त्यात तुझे मामा झोपलेले असतात. तुम्ही पत्रात त्या टाकीचा उल्लेख केलाय म्हणून सुचलं.

अर्जाची सुरुवात करून देते, पुढचं तुम्ही लिहा: "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी प्रशिक्षण केंद्राच्या विरोधात नाही. आमच्यापैकी अनेक जण रात्रपाळीत रेल्वे, कारखाने आणि दवाखान्यांत काम करतात आणि दिवसा झोपतात. सोबत तीन आठवड्यांची नोंद जोडली आहे. दुपारी १ ते ३ या वेळेत वस्तीवरून सर्किट उड्डाणं होऊ नयेत आणि उरलेल्या वेळेचं साप्ताहिक वेळापत्रक आम्हाला मिळावं, ही विनंती."

मिस्टर ड्यूटीवरून आले की हे त्यांना वाचून दाखवा. पहिली सही त्यांची असू द्या, नावापुढे हुद्द्यासकट. दुसरी तुमची.